दोन बाय सहा

मरोळच्या एका गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
मी सास्काटूनची घरं काढते.
दुपारी तीनला खुर्चीत बसते तेव्हा तिथे
पहाटेचे साडेतीन,
आणि ज्यांची नवी घरं मी काढते
ते आपापल्या जुन्या घरांत गाढ झोपलेले.

पहिल्या महिन्यात मोठ्या खिडक्या मी उत्तरेला दिल्या.
दक्षिणेला संडास, जिना, कपाटांची पाठ.
ऊन अडवायचं असतं, एवढं तर कळतं मला;
आमच्या खोलीत चारनंतर भिंतीला हात लावता येत नाही.
रात्री नऊला ब्रेंडा कोवालचुक कॉफी घेऊन कामावर आली
आणि तिनं माझ्या सगळ्या खिडक्यांभोवती
लाल ढग काढून नकाशा परत पाठवला.
खाली लिहिलं होतं :
सुलक्षा, आम्ही इथे उन्हाची भीक मागतो.

मग शिकले.
पाया सहा फूट खाली, कारण जमीनच गोठते.
छपरावर बर्फाचं वजन धरायचं.
प्लास्टिकचा कागद भिंतीच्या उबदार अंगाला,
आणि उबदार अंग म्हणजे आतलं.
हे वहीत दोनदा अधोरेखित केलं,
कारण हात ऐकेना.

रद्दीतले प्रिंट घरी आणते.
बाबा ते ड्रॉवरमध्ये अंथरतात,
आमच्या चमच्यांखाली तीन बेडरूमचं घर आहे, गॅरेजसकट.
अंथरण्याआधी मात्र चष्मा लावून वाचतात.
ओशिवऱ्याला तीस वर्षं लाकूड कापलेला माणूस,
त्यांना इंग्रजी नको, रेघ पुरते.

‘दोन बाय सहा म्हणजे?’
म्हटलं, लाकडाचं माप. पण खरं ते दीड बाय साडेपाच असतं.
बाबा इतके हसले की खोकला लागला.
‘म्हणजे थंय पण लाकडात मारतत!’
आणि दिवसभर खुशीत होते,
जसा कॅनडात कुणी गाववाला भेटला.

दाराशी बोट थांबलं.
‘आत उघडता. बरोबर. भायर बर्फ साचलो तर ढकलतलो कोण?’
हे मला सांगायला ब्रेंडाला एक ईमेल लागली होती.
मग मडरूम. मी सांगितलं : चिखलाची खोली,
नुसते बूट काढायची.
नुसत्या बुटांसाठी आठ बाय सहा!
बाबांनी आमच्या खोलीकडे पाहिलं नाही,
मीही नाही.
‘काढूक बसतले खंय? उभ्यान?’
पेन्सिल घेतली आणि भिंतीलगत
एक बाकडं काढलं, खाली बुटांना जागा, वर खुंट्या.
उंची लिहिली : सतरा इंच चार सूत.
‘अठरा नको. म्हाताऱ्याच्या ढोपरांक जास्त.’

ब्रेंडाला आवडलं.
तिनं अठरा केलं. कॅटलॉगात अठराच मिळतं.

फेब्रुवारीत फोटो आला.
बाकडं, त्याखाली लवंडलेला एक ओला बूट,
एक लहान मुलाचा हातमोजा. माणूस नाही.
कोपऱ्यातल्या चौकोनात ‘ड्रॉन बाय’ असतं ना, तिथे एस. एम.
ते नकाशावर; घरावर काहीच नसतं.
बाबांनी दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला,
सांध्यापर्यंत गेले.
‘स्क्रू मारल्यानी,’ म्हणाले. ‘खाच नाय.’
फोन परत दिला. मग पंख्याखाली आडवे होत,
भिंतीकडे तोंड करून,
‘चार सूत. कोणाचे तरी पाय लोंबतले.’

पुढचं घर रेजायनाचं होतं.
मी कुणाला न विचारता साडेसतरा टाकलं.
लाल ढग अजून आलेला नाही.