निदान रेषा

पहाटे पाचलाच दाराशी मोबाइल जमा केला.
गळ्यात कार्ड : मतमोजणी सहायक, टेबल अकरा.
मॅट गुंडाळून भिंतीला उभ्या केल्यात,
म्हणून जुना कोबा उघडा पडलाय
आणि माझ्या खुर्चीच्या पुढच्या पायाखाली
दस्तगीरमामांची पांढरी रेघ.

निदान रेषा.
चढाईला गेलीस तर निदान इथवर तरी जा,
ऐनापुरे सर ओरडायचे,
इथवर न जाता परत येणारी बाद.

आमच्या आधी हे हळदीचं गोदाम होतं.
नगरपालिकेनं घेतलं, पत्रे बदलले, ट्यूबा लावल्या,
नारळ फोडून पाटी लावली : क्रीडागृह.
कोब्याच्या भेगांनी मात्र हळद सोडली नाही.
पहिले दोन उन्हाळे आम्ही पडायचो, घसटत उठायचो
तर गुडघे, कोपरं पिवळीधमक.
आई न्हाणीत घासून घासून दमायची,
"लोक काय म्हणतील गं,
ठरायच्या आधीच पोरीला हळद लागली!"
पद्मजा मगदूम यावर सगळ्यात मोठ्यानं हसायची.
तिचीच पहिली लागली. बारावीच्या आत.
ती उजवा कोपरा धरायची.
तिथं नंतर कुणी उभं राहिलं की
सरांचं लक्ष दुसरीकडं जायचं.

मामा म्हणजे नळ, कुलूप, दिवे, जाळी, सगळं.
पण खरं काम रेघांचं.
निळीत बुडवलेली सुतळी, एक टोक त्यांच्या अंगठ्याखाली,
दुसरं जो सापडेल त्याच्या.
मधे चिमटीत धरून उचलायचे आणि सोडायचे.
फट्.
मग तीवर ऑइलपेंट : पांढरा कबड्डीचा,
पिवळा बॅडमिंटनचा, लाल व्हॉलीबॉलचा,
एकमेकींवरून जाणाऱ्या, कुणी कुणाला अडवत नाही.
"रेघ मारणाऱ्यानं खेळू नये," म्हणायचे, "हात वाकडा होतो."
एकदा विसरलेली बाटली घ्यायला मी मागं फिरले
तर अंधारात, बंडी काढून, एकटेच
रिकाम्या अंगणात चढाई करत होते.
मी बाटली तशीच ठेवून घरी गेले.

पुढं रक्तदान झालं, साड्यांचे सेल झाले,
कुठल्याशा बँकेची सभा खुर्च्या फेकून मोडली.
पुराच्या साली गावभागातली माणसं ट्रॅक्टरमधून आली
तेव्हा मामांनी पुन्हा सुतळी काढली.
अर्ध्या कोर्टात दोन घरं. लॉबीत म्हातारी माणसं.
बाद खेळाडूंच्या चौकटीत
कोष्ट्यांची शेळी बांधली होती,
ती येणाऱ्याजाणाऱ्याकडं पंचासारखी बघायची.
पाचव्या दिवशी पाणी दारातून आत आलं,
आधी अंतिम रेषा बुडाली,
मग ही.

गाळ उपसला, रेघा निघाल्या.
मग आल्या खाटा. ओळीनं, नंबर घातलेल्या.
निदान हा शब्द तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होता.
मामा सहा नंबरवर,
आपल्याच पिवळ्या रेघेवर आडवे.
तिथून दार बारा पावलं.
मी बाहेरून काचेला हात लावून मोजली होती.

"मॅडम, सातवी फेरी."
समोरचे पोलिंग एजंट मान लांब करून वाकलेत,
पेनं उघडी. यंत्र एकेक नाव, एकेक आकडा दाखवतंय.
बाहेर कुणाचा तरी ढोल तापवून तयार आहे.
मी टेबलाखाली चप्पल काढते.
अंगठा पुढं सरकवते,
थंड, किंचित उंच पेंटवरून पलीकडं,
आणि ओठ न हलवता सुरू करते,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
आकडे लिहिते, बेरीज करते, पुन्हा पडताळते,
कागद वळवून त्यांच्यापुढं धरते.

"सही करा," कुणीतरी म्हणतं.
मी मानेनंच हो म्हणते.
बोलले असते तर दम गेला असता.