बावली

चौकीच्या वहीत नाव मराठीतच लिहिलं.
'येण्याचं कारण' या रकान्याशी अडलो.
बसलिंग गार्डानं पेन काढून घेतलं,
कानडीत एक शब्द लिहिला, मग विचारलं,
"बावली बघाय आलाय न्हवं?"

हसू आलं. बावली आमच्यात चिंधीची,
काजळाच्या डोळ्यांची,
धाकटीनं रागानं आडात टाकलेली.
त्याच्या कानडीत बावली म्हणजे वटवाघूळ.
जांबोटीच्या चहाला हे कळून दोघंही हसलो.

धंदा माझा ग्रॅनाइटचा. खानापूर रोडला गाळा.
आजवर डोंगर पाहिला तो
वीस एमएम जाड, पॉलिश मारलेला,
स्क्वेअर फुटाच्या भावानं.
इथं चढताना कातळाला हात टेकला
तर सवयीनं बोट शीर शोधत गेलं,
कुठून फुटेल, किती निघेल.
"सावकाश," बसलिंग म्हणाला, "पायाखाली बघा की."

खळग्यात बोटभर पाणी,
पाण्यात सीतेची आसवं, चिंचोक्याहून लहान, जांभळी.
"किडं खात्यात ही."
एवढी नाजूक, आणि तिलाही पोट.

वरच्या उतारावर कारवी. सात वर्षांनी आलेली.
"मागच्या फुलाला पोरगी माझी पाळण्यात,
आता हातचा घेऊन वजाबाकी करती."
मीही मनात हातचा घेतला.
मागच्या फुलाला एका टेकडीचा सौदा केला होता.
ती टेकडी आता नाही.
टिळकवाडीत, शहापुरात, कुणाकुणाच्या ओट्यावर
तिच्यावर कणीक मळतात.
बसलिंगला हे सांगितलं नाही.

गुहेपाशी जायला बंदी.
करवंदीच्या आडोशाला बसलो, जळवा उपटत.
"किती असतील?"
"मोजणारे साहेब येत्यात.
दर साली आकडा येगळा."

उजेड उतरला.
फटीतून एक. बराच वेळ काहीच नाही.
मग दोन, मग कटर लागल्यावर
काळा भुगा उडावा तसे,
फक्त आवाज नाही.
"आवाज हाय. आपल्याला कान न्हाईत तेवढं."

दगडातून काही न कापता बाहेर येताना
पहिल्यांदाच बघत होतो.
बसलिंगनं बॅटरी लावली नाही,
मीही मोबाइल काढला नाही.

परतताना वहीत वेळ टाकली,
आणि त्याच्या कानडी शब्दाखाली
मराठीत लिहिलं: बावली.
उद्या कुणी वाचून म्हणेल,
पन्नाशीचा बाप्या
डोंगरात बाहुली शोधत आला होता.
म्हणू दे.