सफरचंदी हिरवा

थर्माकोलच्या पेटीत डोकं आलं.
बर्फ निम्मा वितळलेला,
पेटीवर 'सुरमई, दिवाळे' असं आधीचं लिहिलेलं
अर्धवट खोडलेलं.
महापालिकेचा पदाजी भोपी म्हणाला, मॅडम, सही.
चावलेल्यांची यादी मागाहून देतो, अजून वाढतेय.
पहिलं नाव रुद्राक्ष तांडेल, वय सहा, डावी पोटरी.

जात: गावठी. रंग: पिवळसर. मालक असल्यास: रेघ.
पदाजी दारापर्यंत गेला नि वळला,
"मासळीबाजारातली चांगुणाबाय हिला घालायची खायला.
हाडकुळी म्हणून वाकटी म्हणायची."
फॉर्मवर नावाचा रकाना नाही.

मेंदूचा देठ, लहान मेंदू,
दोन्ही बाजूंचा तीळ तीळ.
काचेवर ठसा, मग काच अ‍ॅसिटोनमध्ये, उणे वीस अंशांत.
पेनाची शाई त्यात धुऊन जाते
म्हणून काचेवर पेन्सिलीनेच लिहायचं:
एकशे बारा.
त्याखाली, कोणाला दिसणार नाही इतकं बारीक,
वाकटी.

मग फ्रीजरमधून कुपी.
कानातल्याच्या डबीत मावेल एवढी,
आणि रबाळ्याच्या या लॅबमधली सगळ्यात महाग वस्तू.
पुस्तकात प्रतिपिंड. आम्ही नुसतं 'ती' म्हणतो,
ती संपत आली, ती मागवा, तिला उजेडात ठेवू नका.
कधीकाळी कुठल्याशा उंदराच्या प्लीहेत ती घडली.
उंदीर गेला. त्याचा हट्ट तेवढा
बाटल्यांमधून वाढवत आणला माणसांनी,
गाळला, अंगाला चमकता रंग लावला.

तिला एकच ओळखता येतं.
विषाणूच्या पोटात, त्याच्या धाग्याला
गच्च बिलगून असलेलं एक प्रथिन.
शेपटी हलवणं तिला कळत नाही, भूक कळत नाही,
'कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय' असं ती म्हणत नाही.
धरते, नाहीतर धुऊन जाते.
माझ्याही रक्तात तिच्या चुलत बहिणी आहेत,
टोचून घेतलेल्या, गेल्या जूनमध्ये मोजलेल्या.
त्यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही.
न येवो.

वीस मायक्रोलिटर. सदतीस अंश. अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात फोन वाजला.
"चांगुणा बोलतेय. पदाजीनं नंबर दिला.
आमची वाकटी तशी नाय गो,
पोरानं शेपूट ओढलं आसंल."
मी म्हटलं, अजून काही सांगता येत नाही.
"परवापर्यंत हात चाटायची माझं.
मासं कापताना कापतंच ना बोट,
ती चाटायची, मी म्हणायची चाट बाय,
तुझ्या जिभंला औषध हाय."

मला पुढचं ऐकू आलं नाही.
यादी ओढली. नऊ नावं. नऊही चावलेले.

दोनदा धुतली काच. दिवा घालवला.
आधी बाधित नमुन्याची काच: चमकली.
निरोगी नमुन्याची: काळोख.
मग एकशे बारा.

पाठ्यपुस्तक या रंगाला सफरचंदी हिरवा म्हणतं.
माझ्या माहितीतली सफरचंदं लाल होती.
नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मुद्दाम
तुर्भ्याच्या फळबाजारात गेले होते
हिरवं सफरचंद बघायला.
एक घेतलंही. आंबट होतं. पूर्ण खाल्लं नाही.

तोच रंग, भुकटी भुकटी,
मध्येच एखादा मोहरीएवढा ठिपका,
साऱ्या काळोखात पसरलेला.
काही वेळ मी नुसतीच बघत राहिले, कारण सांगायला नको,
सुंदर दिसतं ते.

मग दहावं नाव लिहिलं.
चावा: नाही. चाटणे: दोन्ही हात, उघड्या जखमा.
फोन लावला.

"मंग? हाय?"
आहे.
पलीकडे पाटावर कोयती ठेवल्याचा आवाज.
"सुई कुटं देतान? वाशीला?"
वाशीला. आज.
"आज बुधवार गो, आज धंद्याचा दिस..."
आजच, चांगुणाबाय. उद्या नाही.

ती बोलेना.
मागे कोणीतरी विचारत होतं,
पापलेट कसं दिलं?