ताकीर

वहीत आधीच दोन शब्द होते.
प्लाया : स्पॅनिश, मूळ अर्थ समुद्रकिनारा.
शोत : अरबी, मूळ अर्थ काठ.
दोन्ही नावं काठावरून ठेवलेली,
तळ्यात पाऊल न टाकता.

तिसऱ्यासाठी काराकुमच्या वाळवंटात आले.
हुदायबेर्दी नुकताच उंटांना पाणी पाजून बसला होता.
ओगुलशातनं माझा प्रश्न त्याच्या भाषेत नेला :
ताकीर म्हणजे?

त्यानं मेंढीच्या लोकरीची भलीथोरली टोपी काढली,
स्वतःच्या डोक्यावर चापट मारली.
चट्.
ताकीर.

आमच्याकडे याला टक्कल म्हणतात, मी म्हटलं.
टक्कल, टक्कल, ओगुलशातच्या धाकट्यानं उंटांना ऐकवलं.
नातं नसणार, माहीत आहे.
एका धर्मशाळेत रात्रीपुरते भेटलेले
दोन तुळतुळीत प्रवासी.
तरी मी त्यांना एका ओळीत झोपवलं.

मग सून आली, कडेवर पोर.
मामानं कालच जावळ काढलेलं,
टाळू अजून धडधडती.
हेही ताकीर, म्हातारा म्हणाला,
आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवून
तोच हात जमिनीवरून फिरवला.

मी तर सुतकी चेहऱ्यानं आले होते,
मेलेल्या तळ्याचं नाव विचारायला.

गवताची काडी नाही, मी म्हटलं.
बरंय, तो म्हणाला. गवत असतं तर
सगळं त्यानंच पिऊन टाकलं असतं.
वाळू पिते, झुडूप पितं. हा पीत नाही.
वर्षाला चार सरी येतात,
याच्या पाठीवरून घसरत आडाशी जातात.
खाली खारट पाणी, त्यावर गोडं,
सायीसारखं.
हळू उपसावं लागतं. साय मोडते.

मला पटेना.
त्यानं पेल्यातला उरलेला चहा ओतला.
पहिल्याच भेगेनं तो गट्ट केला.
धाकटा खो खो हसला.
म्हातारा ओशाळला नाही. किटली आण, म्हणाला,
पाऊस काय पेल्यानं पडतो?

किटली रिकामी झाली.
भेगेच्या कडा फुगल्या, ओठ मिटावेत तशा मिटल्या,
आणि चहाची एक तपकिरी जीभ
वाट चाचपत निघाली.
आम्ही चौघं उकिडवे, पोर पाचवं.

दीड वीत गेली.
आडाकडेच.