व्हिला

जोतिरामनं इटली बघितलेली नव्हती.
ताराबाई पार्कातल्या हॉटेलवाल्यानं
कॅलेंडरचं एक पान हातात दिलं, म्हणाला,
असंच पाहिजे, पण मोठं. आणि जरा धूसर.
मित्रमंडळी जेवतायत, मागं झाडं, ऊन कललेलं.

मग आम्हालाच बसवलं मंगळवार पेठेत,
त्याच्या पत्र्याच्या खोलीपुढं, गच्चीवर,
सलग चार रविवार.
टेबल म्हणजे जुनं दार, दोन पिंपांवर आडवं.
वर दस्तगीरच्या लाँड्रीतली चादर,
कुठल्याशा लॉजची, कोपऱ्यात नंबर असलेली.
मालूताईला जत्रेतली गवताची टोपी.
जिन्नाप्पा मटणाच्या वासानं तोंड फिरवून बसायचा,
म्हणून चित्रात तो कायम लांब कुठंतरी बघतो.
लोकांना वाटतं, प्रेमात आहे.

सरूची झाडं म्हणजे कॉलेजच्या आवारातले अशोक.
लिंबं खरी होती.
दारू कुठली? वाट्यांत तांबडा रस्सा.
जोतिरामनं वाट्यांना देठ काढले,
झाले पेले.
ऊन तेवढं रंकाळ्याकडचं,
सहाच्या सुमाराला यायचं, दहा मिनिटं.
त्या दहा मिनिटांत हा ओरडायचा,
खावा लगा, पण हलू नका!

काल बत्तीस वर्षांनी गेलो.
नातीचा वाढदिवस.
चित्र आहे अजून, एसीच्या खाली,
खालून फ्रेम फुगलेली.
जवळ गेलो तर कुणीच नाही.
नुसते फटकारे: पिवळा, जांभळा, चुन्यासारखा पांढरा,
मालूताईच्या जागी दोन बोटं गुलाबी.
मागं सरलो. एक पाऊल, आणखी एक,
वेटरला धडकलो. काका, बघून.

तिथनं दिसला दस्तगीर,
मान मागं टाकून हसताना.
त्याच हसण्यात हात उडाला होता त्याचा
आणि वाटी कलंडली होती ओल्या कॅनव्हासवर.
शिव्या देत जोतिराम पुसायला धावला,
फडकं उचललं,
थोडं लांब जाऊन बघितलं,
आणि फडकं ठेवून दिलं.

डाग आहे चादरीच्या कडेला.
तांबडा म्हणवत नाही आता.
जवसाच्या तेलात मुरलेली तर्री.
दस्तगीरला जाऊन अकरा वर्षं झाली.
उजवीकडं फ्रेमनं मनगटापाशी कापलेला
हात माझा.

नात म्हणाली, आजोबा, हे कुठलं?
म्हटलं, इटली.
तिथं काय खातात?
म्हटलं, गार झालेलं मटण.