अहवालातला रकाना

मार्चच्या सभेत चोपडे सरांनी चष्मा पुसला.
"तरुण संघाची उपस्थिती?"
सहा, मी म्हटलं.
"गेल्या वर्षी एकोणीस होती."
होती.
दोघं पुण्याला गेली, एकीचं लग्न झालं,
बाकीची इथंच आहेत, शाहूपुरीत, कदमवाडीत,
फक्त रविवारी चार ते पाच नसतात.

मी काय काय केलं ते लिहून दिलंय.
गिटार आणली. पडद्यावर चित्रं दाखवली.
प्रश्नमंजूषा, बरोबर उत्तराला चॉकलेट.
"भावा" म्हणायलाही शिकले,
तर केरेन ओढणी तोंडाला लावून हसली,
"सिस्टर, तुम्ही नका म्हणू, कसंतरीच वाटतंय."
सिस्टर मी इस्पितळातली.
एकतीस वर्षं बाळंतिणींचा वॉर्ड, निम्मी रात्रपाळी.
निवृत्त झाले आणि मंडळींनी पोरं माझ्याकडे दिली,
दुसरं कुणी हो म्हणालं नाही म्हणून.

ओबेद समुद्रे चार महिने आला नव्हता.
रस्त्यात गाठला तर सायकल न थांबवता म्हणाला,
"मॅच चारलाच असती, सिस्टर, मी काय करू?"

म्हणून त्या रविवारी पाचजणांना केरेनवर सोपवून
मी स्टेडियमच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसले.
हलगी कानात, ऊन डोळ्यांत,
पेठा समोरासमोर, आणि गोलपोस्टात आमचा ओबेद,
हातमोजे त्याच्या हातांपेक्षा मोठे.
शेवटची सात मिनिटं राहिली असताना
चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला.
साधा होता. मलाही अडवता आला असता.

माझ्या मागे कुणीतरी त्याच्या आईवरून बोललं.
त्याची आई दर शनिवारी वेदीवर निशिगंध लावते,
देठ तिरके कापते, पाण्यात चिमूटभर साखर टाकते.
मी वळले आणि वॉर्डातल्या आवाजात म्हटलं, गप्प बसा.
दोन मिनिटं बसले गप्प. मग परत सुरू.

रात्री गंगावेशीत, म्हशींच्या रांगेपुढं,
आम्ही धारोष्ण दुधाचे पेले घेऊन उभे.
त्याच्या कोवळ्या मिशीवर फेस.
मी काही विचारलं नाही.
म्हैस शेपटी हलवत होती, तिकडं बघत राहिले.

"मॅचआधी प्रार्थना केलती मी," तो म्हणाला.
"समोरच्या गोलीनंबी केली असंल की. मग?"

दृढीकरणाच्या वर्गातलं उत्तर माझ्यापाशी होतं, चार ओळींचं,
ते मी दुधाबरोबर गिळलं.
मला माहीत नाही, म्हटलं.
एका रात्री शेजारशेजारच्या खाटांवर दोन बाळं होती.
दोघांसाठी मी एकच मागितलं, त्याच शब्दांत.
सकाळी एकच पाळणा हलत होता.

तो पेल्यात बघत राहिला. मग,
"दुसऱ्या दिवशी गेला काय ड्युटीला?"
गेले. रात्री नऊला.
"हं," एवढंच म्हणाला,
आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.
खिशातून चुरगळलेल्या दहाच्या नोटा काढून
दोनदा मोजल्या.

पुढच्या रविवारी तो आला असं मी सांगणार नाही.
आला नाही. सराव होता.

तर सर, त्या आठवड्याच्या अहवालात असं लिहा:
चर्चमध्ये पाच, मी नव्हते.
गंगावेशीत एक. वेळ, रात्री साडेआठ.
"हे रकान्यात बसत नाही," चोपडे सर म्हणाले,
पेन्सिल वर धरून.
नाही बसत, मी म्हटलं.

पाळकसाहेब हिवाळे इतका वेळ
चहाच्या बशीतली माशी बोटानं हाकलत होते.
त्यांनी तारखांची वही उघडली, पानं उलटली,
आणि वर न बघता विचारलं,
"उपांत्य सामना कधी आहे?"