आत कोण आहे?

हातमोजे धुऊन दोरीवर टाकते.
वाळले की एकेकात फुंकर भरते,
पाच बोटं टम्म फुगतात.
भोक असलं तर
मोजा लगेच मान टाकतो;
तो फरशी पुसणाऱ्या चोओल्वेकडे.

आले तेव्हा सिस्टर मुचिंदूंनी
माझी डिग्री नीट वाचली
आणि बादली दिली.

संध्याकाळी ट्रकच्या जुन्या रिमवर
प्रार्थनेचे टोल पडतात.
आवारात नातेवाइकांच्या चुली,
मक्याची न्शिमा घट्ट होत चाललेली.
हामूंगाची आई विचारते,
तुझं कोण आहे गं आत?
कोणी नाही.
तिचा डाव पातेल्यातच थांबतो.

कोणीच नाही?
मग बस इथं, म्हणते, सरकून.
हात धुतलेस?

दिवसभर, मावशी,
हातच धुतलेत.